पायाखालचे दोन दगड

श्रोतेहो, घरातला जुना पाटा आणि ठिपक्यांच्या ग्रॅनाइटचा एखादा तुकडा शेजारी ठेवून पाहा. पाटा बहुधा बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा. त्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइटमध्ये मात्र पांढरे, गुलाबी, काळे स्फटिक वेगवेगळे ओळखू येतात. दोन्ही खडक अग्निजन्य, तप्त शिलारस थिजून झालेले. मग रूप इतके निराळे का?

बेसॉल्टचा रस जमिनीवर आला आणि चटकन थिजला. स्फटिकांना वाढायला उसंतच मिळाली नाही. ग्रॅनाइटचा रस खोल भूगर्भातच राहिला, अतिशय सावकाश निवला. म्हणून त्याचे स्फटिक मोठे. घटकही सारखे नाहीत. ग्रॅनाइटमध्ये सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास असते, बेसॉल्टमध्ये ५० टक्क्यांच्या. बेसॉल्टमध्ये लोह आणि मॅग्नेशियम जास्त. त्यामुळे तो काळा आणि वजनाला जड. आपली काळी कसदार जमीन झाली ती त्याच्याच झिजेतून.

भूशास्त्र शिकवताना मला मुले विचारतात, ‘सर, महाराष्ट्रात ग्रॅनाइट कुठे सापडतो?’ मी म्हणतो, ‘बहुतेकांच्या पायाखाली!’ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट व त्याच्या जातकुळीचे खडक झाकले गेले. कोयना परिसरात संशोधनासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट लागला. किल्लारीला तर साडेतीनशे मीटरच्या आतच बेसॉल्ट संपला.

ही दोन्ही नावे ऐकून आपल्याला भूकंप आठवतात, आणि ते बरोबरच आहे. दख्खनचे पठार म्हणजे अढळ भूमी, असा समज फार काळ होता. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेत आणि ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीत तो समज मोडला. वरचा पाषाण कितीही टणक असो, खालच्या प्राचीन खडकात भेगा आहेत. तिथे साठलेला ताण मोकळा झाला की वरचे सगळेच हादरते.

किल्लारीत अनेकांचा जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी. दगड पक्का होता, पण दगडाला दगड बांधलेला नव्हता. तेव्हा गावाकडे दगडी घर बांधणार असाल, तर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घालायला सांगा आणि चारही भिंतींना कवेत घेणारा सलग काँक्रीटचा पट्टा विसरू नका. जमीन कुठल्या खडकाची असावी हे आपल्या हाती नाही. भिंत कशी असावी, हे मात्र नक्कीच आहे.