दांडा कोणी निवडावा?



आम्ही सातवीपुढे शाळेत गेलो नाही. जे शिकलो ते कामगारांच्या सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा मोठ्या विषयाला हात न घालता आज ओळखीच्या वस्तूवर बोलतो. ती वस्तू म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा.

गेल्या पौषात मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेत आम्ही एक हातकुऱ्हाड घेतली. पाते चोख होते, नेढेही सरळ होते. दांडा मात्र रंगवलेला. रंगाखाली गाठ आहे की चीर, हे कळायला मार्ग नाही. आम्ही म्हटले, दांडा काढून ठेवा, नुसते पाते द्या. लोहार हसून म्हणाला, "बरं केलंत काका. लोखंड माझं, दांडा ज्याच्या त्याच्या हाताचा."

मंडळी, दांड्याला आपल्या डोंगरांतली धामण उत्तम. चिवट आणि लवचीक. बाभूळही चालते. सागवान दारा-खिडक्यांना शोभते, पण घावाचा धक्का सोसण्यात ते धामणीच्या मागे. लाकडाचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेलेले हवेत. मध्येच कडेला बाहेर पडले, की दांडा तिथेच मोडतो. लाकूड सावलीत पुरते सुकलेले हवे. ओला दांडा ठोकला, तर तो सुकताना आकसतो आणि पाते सैल होते. मग पुष्कळ लोक रात्रभर कुऱ्हाड पाण्यात घालतात. लाकूड फुगते, सकाळी पाते घट्ट वाटते. पण सुकल्यावर ते पहिल्यापेक्षा अधिक सैल होते. खरा उपाय म्हणजे कोरडा दांडा नेढ्यात बेताचा बसवून टोकाला चीर द्यायची आणि पाचर ठोकायची.

मूठ आपल्या पंजाला बेतावी लागते. जाड मूठ हात शिणवते, बारीक मूठ हातात फिरते. आमच्या ठाकुर्लीत 1929 साली रेल्वेचे वीजघर सुरू झाले. ते बंद पडूनही आता बरीच वर्षे झाली. आमचे वडील तिथे कोळशावर होते. फावड्याचा दांडा ते काचेच्या तुकड्याने घासून हाताजोगा करीत आणि वर जवसाचे तेल चोळीत. आम्ही परवा तसेच केले.

एवढे ज्ञान आम्हांला वेळेवर असते, तर पुढची गोष्ट सांगावी लागली नसती. तरुणपणी आम्ही एका कारखान्यात होतो. आवारातली झाडे तोडायची होती. हत्यारे सर्वांत कमी भावाची आणलेली. पाते हलते म्हणून दोनदा सांगितले. उत्तर मिळाले, पाण्यात घाला. तिसऱ्या दिवशी पाते निसटले आणि शेजारच्या सोबत्याच्या नडगीवर बसले. कुऱ्हाड आमच्या हातात होती. संध्याकाळी आमच्यापुढे कागद आला : 'अपघात माझ्या निष्काळजीपणाने झाला.' नोकरीच्या भीतीने आम्ही सही केली. तो कागद पुढे करून सोबत्याला किरकोळ रकमेवर गावी पाठवले. तो आजही लंगडतो.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात साध्या निष्काळजीपणाने भरपाई बुडत नव्हती, हे आम्ही पुढे वाचनालयात वाचले. तोवर उशीर झाला होता. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण आपण संप फोडणाऱ्याला ऐकवतो. त्या दिवशी तो दांडा आम्हीच झालो होतो.

पण दांडा हातातून खाली ठेवताही येतो. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात 1946 साली वारली मजुरांनी जंगलतोडीसाठी दिवसाला सव्वा रुपया मजुरी मागितली आणि ती मिळेपर्यंत कुऱ्हाड उचलायची नाही असे ठरवले. त्याआधी, 1945 च्या जानेवारीत, येथून जवळच टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली होती. रानातल्या एकट्या माणसाला जे बोलता येत नव्हते, ते संघटना झाल्यावर बोलता आले. आम्ही दोनदा सांगितले, पण एकट्याने सांगितले. सगळ्यांनी मिळून कुऱ्हाडी खाली ठेवल्या असत्या, तर त्या सोबत्याचा पाय वाचला असता.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. हत्यार मालकाचे असो वा कंत्राटदाराचे, दांडा पारखण्याचा आणि वाईट दांडा नाकारण्याचा हक्क ते चालवणाऱ्या हाताचा असावा. आता पावसाळ्यापूर्वी तुमच्या गल्लीत फांद्या तोडायला माणसे येतील. त्यांना पाणी द्याल, ते द्याच. पण त्याबरोबर एकदा विचारा, "दादा, पातं हलत नाही ना?" आणि हलत असेल, तर तो काम थांबवील तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहा.