डबा वाजतो, पण गोळ्या भरतो कोण?



तुमच्यातले बरेचजण धुळ्याचे, भुसावळचे, चाळीसगावचे. शिक्षणाला किंवा नोकरीला जळगावात आलात. काही उद्या पुण्याला जाल, काही आखातात. घरी अम्मी-अब्बा राहतील, शुगर आणि बीपीच्या गोळ्या घेत. म्हणून आज गोळ्यांच्या डब्याबद्दल बोलतो. विषय साधा वाटेल, पण माझ्या घरी यातूनच जिवावर बेतलं होतं.

माझे अब्बा धुळ्यात राहतात. ३० वर्षं पॉवरलूमवर काम केलं. मी इथे जळगावात, सुमारे ९० किलोमीटरवर. अब्बांना दिवसातून दोनदा मिळून सात गोळ्या. अम्मी उर्दू वाचते, पण स्ट्रिपवरचं इंग्रजी तिला येत नाही. ती गोळी रंगावरून ओळखायची. मेडिकलवाल्याने एकदा त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप दिली. रंग बदलला आणि अम्मीने ती नवी गोळी समजून जुनीसोबत चालू ठेवली. अम्मी काही निष्काळजी बाई नाही. चिठ्ठी, स्ट्रिप आणि माणूस यांची भाषाच एक नव्हती.

आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली अहवालात लिहिलं होतं की, श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराचे जवळपास ५० टक्केच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात.

मग मी अलार्मवाला डबा घेतला. आत गोल ताट असतं, त्यात २८ खण. दिवसाला दोन वेळा असतील तर १४ दिवसांच्या गोळ्या एकदाच भरता येतात. ठरलेल्या वेळी ताट एक खण पुढे सरकतं, डबा वाजतो, दिवा लागतो. डबा हातावर उलटा केला की त्या वेळच्याच गोळ्या पडतात आणि आवाज थांबतो. माझा डबा मोबाइलवर निरोपही पाठवायचा: डोस घेतला, किंवा डोस चुकला. काही हजार रुपये गेले, पण मी निश्चिंत झालो. धुळ्यात राहणाऱ्या बहिणीला सांगितलं, ‘तू जवळ आहेस, दर पंधरा दिवसांनी भरत जा.’

चार महिने छान गेले. मग रमजान आला.

डॉक्टरांनी अब्बांना आधीच विचार करायला सांगितलं होतं. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुराणातच, सूरह बकरामध्ये, आहे. अब्बांना रोजे ठेवायचेच होते, म्हणून डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. शुगरची मुख्य गोळी इफ्तारला. डब्याची वेळ मोबाइलवरून मी बदलायची होती. मी म्हटलं, रविवारी निवांत बदलतो.

पहिल्याच रोज्याला अब्बांनी इफ्तारच्या वेळी कपाटातली जुनी स्ट्रिप काढली आणि डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घेतली. तरावीहहून परत आले तेव्हा डबा वाजतच होता. त्यांनी डबा उलटा केला, पडल्या त्या गोळ्याही घेतल्या. त्यात तीच गोळी पुन्हा होती. इकडे माझ्या मोबाइलवर निरोप आला: डोस घेतला. मी समाधानाने झोपलो.

रात्री पावणेबाराला अम्मीचा फोन. अब्बांना दरदरून घाम, हात थरथरताहेत, बोलणं अडखळतंय. शुगर ५२. अम्मीने शेजाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे साखरेचं पाणी पाजलं, बहिणीच्या नवऱ्याने दवाखान्यात नेलं. या प्रकारच्या गोळीचा असर बराच वेळ राहतो, शुगर पुन्हा उतरू शकते, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. अल्हमदुलिल्लाह, अब्बा बरे आहेत.

मी पहाटे पोहोचलो. बहीण इतकंच म्हणाली, ‘भाई, डबा तुम्ही दिला. काम मला दिलं. आणि जे एक काम तुमच्याकडे होतं, ते राहिलं.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. डब्याला फक्त एवढंच कळतं की तो उलटा झाला. गोळी पोटात गेली का, ती आधी एकदा घेतली होती का, आज रोजा आहे का, अब्बा जेवले का, यातलं त्याला काहीच कळत नाही. ते कळायला घरचं माणूस लागतं. आणि आपल्या घरांत ते माणूस बहुतेक वेळा बहीण, बायको किंवा सून असते. मुलगा पैसे पाठवतो, मशीन पाठवतो आणि खिदमत झाली असं समजतो. मीही तेच समजत होतो.

म्हणजे डबा फेकून द्यायचा का? नाही. अब्बा आजही तोच वापरतात. फक्त आम्ही काही गोष्टी पक्क्या केल्या.

एक, डबा घरात आला की सुट्या स्ट्रिप अब्बांच्या हाताजवळ राहत नाहीत. त्या एका पेटीत, डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीसह.

दोन, प्रत्येक औषधाचं मूळ नाव, कशासाठी आणि कधी, हे उर्दूत आणि मराठीत एका कागदावर लिहून कपाटाला चिकटवलं. कंपनी बदलली तरी मूळ नाव स्ट्रिपवर छापलेलं असतं. जनऔषधी केंद्रातून स्वस्त गोळी आणली तरी त्या नावावरून जुळवता येते.

तीन, सगळं डब्यात टाकायचं नाही. इन्सुलिन तर नाहीच. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी वेगळी आणि हाताशी. संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट चुकून रोजच्या खणात गेली तर जिवावर बेतू शकतं. काही गोळ्या स्ट्रिपबाहेर काढल्या की ओल धरतात. कोणती चालेल, हे मेडिकलमधल्या फार्मासिस्टला विचारा.

चार, डबा खिडकीत किंवा फ्रिजवर नाही. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि बऱ्याच गोळ्यांवर २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं.

पाच, रमजानच्या आधी डॉक्टर, नंतर डबा, मग पहिला रोजा, याच क्रमाने. डोस चुकला तर मनाने दुप्पट घ्यायचा नाही. शुगर ७० च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमांचं मत आहे.

आणखी एक. डब्याला कुलूप असतं. मी पहिल्यांदा किल्ली बहिणीकडे दिली होती. अब्बा म्हणाले, ‘तीस साल लूम संभाला, अब गोली भी ताले में?’ ज्यांची आठवण खरोखर जाते आहे, त्यांच्यासाठी कुलूप लागतं. अब्बांची आठवण शाबूत आहे. आता किल्ली त्यांच्याकडेच असते.

महिन्यातले दोन रविवार मी एसटीने धुळ्याला जातो. चादर अंथरतो, अब्बा चिठ्ठी वाचतात, मी खण भरतो, अम्मी मोजते. अर्धा तास लागतो. बहिणीला आता त्या दिवशी फक्त चहाला बोलावतो.

महागडं मशीन परवडत नसेल तर काही शे रुपयांचा सात दिवसांचा साधा डबा आणि मोबाइलचा अलार्म यावरही बरंच भागतं. पण भावांनो, या सुट्टीत घरी जाल तेव्हा अम्मी-अब्बांची गोळ्यांची पिशवी एकदा चादरीवर रिकामी करा. कोणती गोळी कशाची, ते त्यांनाच विचारा. उत्तर त्यांना आलं नाही आणि तुम्हालाही आलं नाही, तर काम तिथूनच सुरू करा. आणि ते बहिणीवर सोडू नका.