दोन महासागर आणि आपला तालुका



मी हवामानशास्त्रज्ञ नव्हे. माझे शिक्षण कला शाखेचे. तरीही सरपंच मंडळी दर वर्षी मे महिन्यात मला विचारतात, “यंदा एल निनो आहे म्हणतात, पेरावे की नाही?”

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. १८७७ व १८९९ च्या भीषण अवर्षणांनंतर, १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणितज्ञ भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. जगभरच्या वेधशाळांचे आकडे ताडून पाहताना त्यांना आढळले, की प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो, आणि याच्या उलटही घडते. हा झोका पेरूच्या किनाऱ्याकडील उष्ण पाण्याशी, म्हणजे एल निनोशी, निगडित असल्याचे पुढे उमगले. तिकडचे पाणी तापले, की पावसाचे ढग पूर्वेकडे सरकतात आणि आपल्याकडे हवा खाली बसू लागते. १९७२ आणि २०१५ ही वर्षे अशीच गेली.

परंतु १९९७ चा एल निनो अतिप्रबळ असूनही देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. त्या वर्षी हिंदी महासागर आफ्रिकेच्या बाजूस उष्ण व सुमात्राच्या बाजूस थंड होता. त्यामुळे एल निनोचा जोर ओसरला, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. २०१९ मध्येही हीच स्थिती होती. जूनमध्ये ३३ टक्के तूट आणि हंगामाअखेर ११० टक्के!

मात्र हा आकडा देशाचा. त्याच ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत महापूर होता, आणि मराठवाड्यात कृत्रिम पावसासाठी विमान उडत होते. महासागर दोघांनाही तेच. मध्ये सह्याद्री उभा. पश्चिमेचे वारे घाटमाथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि पायथ्याशी वाईला हजाराच्या आत. मराठवाड्याची भिस्त बरीचशी बंगालच्या उपसागरातील कमी दाबाच्या क्षेत्रांवर. ती मध्य प्रदेशावरून निघून गेली, की पश्चिमेचे वारे बळावून घाटात मुसळधार आणि मराठवाड्यात नुसता वारा, असे पुष्कळदा होते.

म्हणून सरपंचांना माझे उत्तर एवढेच, की देशाचा हंगामी अंदाज धरणे व चाऱ्याच्या नियोजनास उपयोगी. पेरणीसाठी जिल्ह्याचा कृषी-हवामान सल्ला आणि आपल्या मंडळातील पर्जन्यमापक पाहावा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये, असे कृषी विभाग सांगतो. तो पाऊस वर्तमानपत्रातला नव्हे, या मापकातला मोजावयाचा.