नायकाने अखेरीस मरावे काय?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



महापूर, भूकंप, आग, बुडते जहाज अशा संकटांवर बेतलेला चित्रपट पाहून प्रेक्षक बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्यात एक वाद हमखास रंगतो. शेवटी नायकाला मारायला नको होते, असे एकाचे म्हणणे असते. तो जगला असता तर सारेच खोटे वाटले असते, असे दुसऱ्याचे. वाद वरवर करमणुकीचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न नाट्यविचाराइतकाच जुना आहे, आणि बडोदे शहराशी त्याचा संबंध फार जवळचा आहे.

१९९७ साली आलेल्या 'टायटॅनिक'चे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. जहाज बुडाल्यावर नायिका एका फळीच्या आधाराने तरते आणि नायक जॅक गोठविणाऱ्या पाण्यात प्राण सोडतो. त्या फळीवर दोघांना जागा नव्हती काय, हा प्रश्न प्रेक्षकांनी पंचवीस वर्षे सोडला नाही. अखेर दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांनी याविषयी प्रत्यक्ष प्रयोग करविले. ते २०२३ साली दाखविण्यात आले आणि एखाद्या परिस्थितीत जॅक कदाचित वाचलाही असता, हे त्यांना मान्य करावे लागले. प्रेक्षकांच्या या हट्टाचा अर्थ काय? प्रेक्षकाला नायकाचे मरण नको असते असे नाही. ते मरण टाळता येण्यासारखे होते, ही शंका त्याला सहन होत नाही.

याउलट 'द पोसायडन ॲडव्हेंचर' (१९७२) या चित्रपटातील धर्मोपदेशक सोबत्यांची वाट मोकळी करण्यासाठी वाफेच्या झडपेचे चाक फिरवून बंद करतो आणि खाली कोसळतो. तेथे फळीच्या लांबीरुंदीचा हिशेब कोणी मागत नाही, कारण ते मरण त्याने स्वतः निवडलेले असते. हिंदीतील 'काला पत्थर' (१९७९) या चित्रपटामागे २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी शिरून साडेतीनशेहून अधिक कामगार मृत्युमुखी पडल्याची सत्य घटना आहे. त्याचा नायक विजय हा एकेकाळचा जहाजाचा कप्तान. संकटसमयी जहाज सोडून गेल्याचा कलंक त्याच्या माथी बसलेला. खाणीत पाणी शिरते तेव्हा तो इतरांना सोडून जात नाही आणि जिवंत बाहेर येतो. मरण येते ते मंगलच्या वाट्याला. विजयने एकदा भ्यालेपणाने जीव वाचविला होता. या खेपेस तो धैर्याने वाचवितो. म्हणून त्याचे जगणे पटते. यावरून एवढे दिसते की, मरण उदात्त आणि जगणे उथळ, असे समीकरण मांडता येत नाही.

भारतीय परंपरेने या प्रश्नाचा निकाल फार पूर्वी लावून टाकला होता. संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचा वध रंगमंचावर दाखविणे निषिद्ध मानले. भवभूतीपुढे रामायणातील सीतेचा भूमिप्रवेश होता. 'उत्तररामचरिता'त त्याने राम-सीतेचे पुनर्मीलन घडविले. गणपतिशास्त्री यांनी १९१२ पासून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केलेल्या भासाच्या नाटकांत 'ऊरुभंग' सापडले, आणि रंगमंचावर प्राण सोडणारा दुर्योधन पाहून अभ्यासक चकित झाले. मात्र सुखान्ताची ओढ ही केवळ पूर्वेकडचीच, असेही नाही. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'चा शेवट इंग्रज प्रेक्षकांनाही सोसवला नव्हता. नेहम टेट याने १६८१ साली तो बदलून लिअरला जगविले, कॉर्डेलियाचे लग्न लावून दिले. आणि तेच रूप जवळजवळ दीडशे वर्षे रंगभूमीवर टिकून राहिले.

मराठी रंगभूमीने हा निर्बंध लवकर झुगारला. विनायक जनार्दन कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) या नाटकाचा शेवट पेशव्याच्या मृत्यूने आणि रमाबाईंच्या सहगमनाने होतो. पण तेथे इतिहासच हाताशी होता. सामाजिक नाटकात हे धाडस कठीण. देवलांच्या 'शारदे'त (१८९९) शारदेची सुटका होते आणि प्रेक्षक समाधानाने घरी जातो. त्याच जरठविवाहाच्या विषयावर नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरून प्रभातने 'कुंकू' (१९३७) काढला, त्यात नीरेची वाट मोकळी होते ती वृद्ध काकासाहेबांच्या आत्महत्येने. या दोन शेवटांच्या मधोमध बडोद्यात घडलेली एक घटना आहे.

२० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व नाटक मंडळीने राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यात केला. गडकऱ्यांचा जन्म १८८५ सालचा, तेव्हाच्या बडोदे संस्थानातील नवसारीचा. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे, वयाच्या अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर अठ्ठावीस दिवसांनी पडदा वर गेला. नाटकाची पदेही त्यांच्या हातची नव्हती, ती वि. सी. गुर्जर यांनी रचली. बडोदेकर रसिकांनी त्या रात्री एक शोकांतिका पाहिली आणि ती लिहिणारा आता या जगात नाही, हेही त्यांना ठाऊक होते. गणपतराव बोडस यांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू यांविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले. भरजरी शालूंसाठी ख्यात असलेले बालगंधर्व ठिगळांच्या लुगड्यात दळायला बसले, एवढे एक दृश्यसुद्धा या नाटकाची जात सांगण्यास पुरेसे आहे.

आता मूळ प्रश्न. सुधाकराने अखेरीस मरावे काय? दारूच्या धुंदीत त्याच्या हातून तान्हे मूल दगावते, सिंधू प्राणांतिक जखमी होते. पतीला वाचविण्यासाठी ती पोलिसांपुढे खोटे सांगते आणि सुधाकर विषाचा प्याला घेतो. या शेवटावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लेखकाला दारूचे दुष्परिणाम ठसवायचे होते म्हणून त्याने मुडद्यांची रास घातली. दुसरा आक्षेप आजच्या वाचकाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. ज्याने सिंधूचे आयुष्य मातीमोल केले, त्याला मरणाची सुटका का मिळावी? सोफोक्लिसचा ईडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो आणि जगतो. लातूर-उस्मानाबादचा १९९३ चा भूकंप असो वा कच्छचा २००१ चा, ढिगाऱ्यातून जे बाहेर आले त्यांचेच पुढचे जगणे अधिक अवघड होते. मग शुद्धीवर आलेला सुधाकर रिकाम्या घरात जगता, तर ती अधिक मोठी शोकांतिका झाली नसती काय?

या आक्षेपाचे उत्तर नाटकाच्या शेवटच्या अंकात नाही, त्याआधी आहे. सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. प्रामाणिकपणे पोट भरावे म्हणून काम मागत फिरतो. पण दारुड्या म्हणून एकदा बदनाम झालेल्या माणसावर कोणी विश्वास टाकत नाही; अपमान पदरी घेऊन तो परततो आणि पुन्हा प्याला उचलतो. म्हणजे सुधाकराला जगण्याची संधी गडकऱ्यांनी नाकारलेली नाही. ती त्यांनी रंगमंचावर आणली आणि ती कोणी हिरावली, हेही दाखविले. पहिला प्याला सुधाकराच्या मानी, उतावळ्या स्वभावातून येतो. तळीराम केवळ निमित्त. दुसऱ्या प्याल्याला मात्र समाजाच्या बंद दारांचाही हातभार आहे. त्यामुळे शेवटचे विष ही दारूबंदीच्या प्रचाराची पुरवणी ठरत नाही. जेथे जगता आले असते तेथून माणूस कसा मागे ढकलला गेला, त्याचा तो हिशेब आहे. हा मधला प्रवेश काढून टाकला, तर पहिला आक्षेप खरा ठरेल. तो ठेवला, तर मरण अटळ वाटते.

तरीही सिंधूचा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो मिटवू नये. सुधाकराच्या मरणाने सिंधूचे ऋण फिटत नाही. तिच्या असत्याला पातिव्रत्याचा कळस मानून पिढ्यान् पिढ्या डोळे पुसले गेले. आज त्याच असत्याने अंगावर काटा येतो. नाटक तेच आहे, प्रेक्षक बदलला आहे. नायकाच्या मृत्यूवर रडताना, त्याच्या आधी आणि त्याच्यामुळे कोण मेले याकडे दुर्लक्ष होते, हा शोकांतिकेतला जुना धोका आहे. आपत्तिपटांत तर तो सरसकट आढळतो: हजारो माणसे पार्श्वभूमीवर बुडतात आणि अश्रू एका नायकासाठी राखून ठेवलेले असतात.

तेव्हा नायकाने मरावे की जगावे, याला एक नियम घालून देता येणार नाही. कसोटी मात्र सांगता येईल. ते मरण त्याच्या स्वभावातून आणि निवडीतून आलेले असावे; जगण्याची वाट कथेत प्रामाणिकपणे दाखविलेली असावी; आणि पडदा पडल्यावर मागे उरलेल्यांवर त्या मरणाचे काही ऋण राहावे. सुधाकराच्या घरात हे ऋण घ्यायला कोणी उरत नाही. मूल नाही, सिंधू नाही. ते ऋण रामलाल आणि शरद यांच्यापाशी थांबत नाही, प्रेक्षागृहात उतरते. दारू सोडून कामाच्या शोधात दारी आलेल्या माणसाला दार उघडावयाचे की नाही, हा प्रश्न १९१९ साली बडोद्याच्या प्रेक्षकांपुढे ठेवला गेला होता. १९६० पासून गुजरातेत दारूबंदीचा कायदा आहे. पण या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कायद्याच्या कलमात सापडणारे नव्हे.

शताब्दीच्या निमित्ताने सभासदांनी 'एकच प्याला' पुन्हा एकदा वाचावयास न्यावे. शेवट सर्वांना ठाऊक आहे. या खेपेस चौथा अंक सावकाश वाचावा.