संयुक्त व्यवस्थापन पदवी : घ्यावी की न घ्यावी?



पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील व्यापारी आणि लघुउद्योजक घरांत शिक्षणाची चर्चा पूर्वी पदवीपाशी संपत असे. अलीकडे ती पदवीनंतर सुरू होते. मुलगा अभियंता झालेला असतो, मुलगी वाणिज्य पदवीधर असते, आणि पुढे नुसते एमबीए न करता त्याच्या जोडीला अभियांत्रिकीची अथवा कायद्याची दुसरी पदवी एकत्रच घ्यावी काय, हा प्रश्न उभा राहतो. खर्च लाखांत असतो, परदेशी गेल्यास त्याहून पुष्कळ अधिक. आणि वय असे असते की त्याच वर्षांत मूल धंद्यात रुळत असते.

याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. आकुर्डीच्या एकाच घराने या प्रश्नाला तीन निरनिराळी उत्तरे दिलेली आहेत.

स्व. राहुल बजाज (१९३८-२०२२) यांनी १९५८ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून अर्थशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयातून कायद्याची पदवी व १९६४ साली हार्वर्डची एमबीए. मधली सारी वर्षे केवळ वर्गात गेली नाहीत. समूहातील कंपन्यांत उमेदवारीही झाली. १९६८ साली ते बजाज ऑटोचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. तो परवान्यांचा काळ होता. स्कूटर किती बनवाव्यात हे कारखानदार नव्हे, सरकार ठरवीत असे, आणि ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत असे. १९७१ साली इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला परवाना-करार संपुष्टात आला व पुढच्याच वर्षी ‘चेतक’ बाजारात आली. ज्या उद्योगाचे अर्धे भवितव्य करार आणि परवान्याच्या कागदांत बांधलेले होते, तेथे कायदा व व्यवस्थापन या दोन्ही विद्या एकाच माणसापाशी असणे ही चैन नव्हती.

पुढच्या पिढीत चित्र बदलले. थोरले चिरंजीव राजीव बजाज यांनी पुण्यात यांत्रिकी अभियांत्रिकी व इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठात उत्पादन-प्रणालीचे उच्च शिक्षण घेतले आणि १९९० साली ते थेट कारखान्यात आले. एमबीए त्यांनी केले नाही. २००१ साली बाजारात आलेली ‘पल्सर’ चाकणच्या प्रकल्पात तयार होऊ लागली. धाकटे संजीव बजाज यांचा पाया तोच, यांत्रिकी आणि वॉरिक. परंतु त्यांनी त्यावर हार्वर्डच्या एमबीएची भर घातली. २००७-०८ मध्ये समूहाचे विभाजन झाल्यावर वित्त व विमा व्यवसायाची धुरा त्यांच्याकडे आली. एकच घर, एकच पैसा, तरीही पदव्यांची संख्या सारखी नाही. ज्याच्या वाट्याला यंत्र आले त्याला तिसरी पदवी लागली नाही.

अर्थात बजाजांच्या घरचा दाखला चाकणच्या प्रेसशॉपवाल्याला जसाच्या तसा लागू पडेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. मोठ्या घरात मुलगा दोन वर्षे बाहेर गेला तरी कारखाना थांबत नाही.

संयुक्त अभ्यासक्रमाचे मुख्य आकर्षण म्हणजे वाचणारा वेळ. हार्वर्डमध्ये कायदा व एमबीए स्वतंत्रपणे केल्यास पाच वर्षे लागतात, एकत्र केल्यास चार. अमेरिकेतीलच एमआयटी संस्थेत १९८८ पासून एक अभ्यासक्रम चालतो. त्यात दोन वर्षांत एमबीए व अभियांत्रिकीची उच्च पदवी अशा दोन्ही मिळतात आणि सहा महिने प्रत्यक्ष उद्योगात काम करावे लागते. ज्याला डाय, टूलरूम, रिजेक्शन यांतच आयुष्य काढावयाचे आहे, त्याला याहून सोयीचे शिक्षण मिळणे कठीण. मात्र वाचलेले वर्ष हा लाभ त्यालाच, ज्याला दोन्ही पदव्या मुळातच हव्या होत्या. सवलत आहे म्हणून जोडीचा दुसरा तागा उचलणारे गिऱ्हाईक प्रत्येक पेढीने पाहिलेले आहे. तो तागा पुढे कपाटातच राहतो.

दुसरी पदवी कोठे उपयोगी पडेल, हे घरातल्या कामावरून ठरवावे. २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला, त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझही तेथे गेली. अशा मोठ्या उद्योगांच्या साखळीत सुटे भाग पुरविणाऱ्याला पर्चेस ऑर्डरमधील कलमे वाचता आली पाहिजेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग अधिनियमानुसार लघुउद्योगाचे देणे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते, विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज लागते. हे कळण्यास मात्र तीन वर्षांची कायद्याची पदवी लागत नाही, चांगला सल्लागार पुरतो. रोजच करारांची बोलणी करावयाची असतील, तर गोष्ट वेगळी.

आता प्रमाणपत्राविषयी. येथे फसगत होण्याचा संभव सर्वांत अधिक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांत परदेशी सहकार्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. ‘ट्विनिंग’मध्ये परदेशातील श्रेयांक ३० टक्क्यांपर्यंतच असतात व पदवी भारतीय संस्थेचीच असते. ‘संयुक्त पदवी’त दोन्हीकडे किमान ३० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात आणि दोन्ही संस्थांचे मिळून एकच प्रमाणपत्र मिळते. ‘दुहेरी पदवी’त दोन्ही संस्था आपापली स्वतंत्र पदवी देतात. ऑनलाइन व दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम या विनियमांत बसत नाहीत. जाहिरातीत मात्र या सर्वांना सरसकट ‘इंटरनॅशनल एमबीए’ म्हटले जाते. शुल्क भरण्यापूर्वी पदवी नेमकी कोण देणार आणि कोठे किती श्रेयांक, हे लेखी मागावे. लेखी देण्यास टाळाटाळ झाली, तर तेथेच उत्तर मिळाले असे समजावे. कायद्याच्या पदवीसाठी बार कौन्सिलचे नियम निराळे आहेत, तेही आधी पाहावेत.

खर्चाच्या हिशेबात शुल्क, राहणे व कर्जाचे व्याज सारेच धरतात. धंद्यातून बाहेर काढलेली वर्षे बहुधा धरली जात नाहीत. ज्यांना धंदा सोडता येत नाही त्यांच्यासाठी मुंबईच्या एस. पी. जैन व्यवस्थापन संस्थेने कौटुंबिक उद्योगाचा अभ्यासक्रम आखलेला आहे. त्यात महिन्यातून एक आठवडा वर्गात जावे लागते, उरलेला काळ आपल्या पेढीवर. पदव्यांची जोडी येथे नाही, पण गिऱ्हाईक हातचे जात नाही.

शेवटी एक बाब, जी अनेक घरांच्या बैठकीत निघतच नाही. मुलगा दोन वर्षांसाठी गेला की बँक, जीएसटी आणि येणी पाहण्याचे काम पुष्कळदा घरातील मुलीकडे येते. तीही पदवीधर असते, कित्येकदा गुणांनी भावापेक्षा सरस. तो परत येतो तेव्हा ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची झालेली असते आणि तिने मागविलेले माहितीपत्रक जुने झालेले असते. भावाच्या अर्जाचा हिशेब मांडतानाच तिच्या अर्जाचाही मांडावा, आणि दोघांपैकी आधी कोणी जावे हे धाकटा-थोरला वा मुलगा-मुलगी न पाहता, कोणाच्या कामाला त्या पदवीची गरज आधी लागणार आहे ते पाहून ठरवावे.