कोपराखालचा हात

कोळीगीताची मंडळी नटूनथटून विंगेत ताटकळलीयत, म्हणून लांबण लावत नाही.

नर्सिंग शिकायला आलेल्या भोर-वेल्ह्याकडच्या मुलीला ‘पोटात कळ मारतीया’ म्हणणारी आजी लगेच समजते. तेच केस प्रेझेंटेशनला इंग्रजीत मांडताना घशाला कोरड पडते. चांगली ट्यूटर आधी मराठीत सांगू देते, मग शब्द पुरवते.

आधी धीर द्यायचा, हे मी उशिरा शिकले. नवी ट्यूटर असताना एका मुलीचा पहिल्या इंजेक्शनला हात थरथरला आणि मी तिला पेशंटसमोरच झापलं. पेशंटनं तिला पुन्हा हात लावू दिला नाही. तिनं आठवडाभर ट्रेला हात लावला नाही. पुढच्या बॅचपासून मी शेजारी उभी राहू लागले. क्षणभर कोपराखाली हात, आणि तिलाच ऐकू जाईल असं, “श्वास घे. घाई नाही.” औषध किंवा डोस चुकत असेल तर तिथंच थांबवायचं. बाकीचं बोलणं नंतर, ड्युटीरूमचं दार लोटून.

ट्यूटरचं काम वॉर्डाबाहेरही असतं. पुण्यात 1909 साली सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवलं. परक्या माणसाची शुश्रूषा घरंदाज बाईनं करायची, हे तेव्हा लोकांच्या पचनी पडत नव्हतं. आज तोंडावर कुणी बोलत नाही. पण रात्रपाळी म्हटलं की काही घरांत अजून कपाळाला आठ्या पडतात. अशा वडिलांना फोन लावते तीही ट्यूटरच.

आणि शिकणाऱ्या मुलीनं पाहिलेला वॉर्डातला पहिला मृत्यू. डोळे मिटायचे, हातपाय सरळ करायचे, चादर ओढायची, हे सगळं प्रोसिजर बुकात आहे. त्या मुलीनं पुढं काय करायचं, ते नाही. माझ्या एक सहकारी बाई तिला आधी हात धुवायला लावायच्या, मग कँटीनला न्यायच्या. चहा संपेपर्यंत एक शब्द नाही. नंतर रेकॉर्ड लिहायला शेजारी बसायच्या.

प्राचार्यबाई, पाहुणी म्हणून एक मागणं. त्या दिवशी त्या मुलीची व्हायवा, सबमिशन काही ठेवू नका. आणि तिच्या ट्यूटरचा पुढचा तास दुसऱ्या कुणाला घेऊ द्या. तिचाही चहा व्हायचा असतो.

येऊ द्या आता कोळीगीत.