विचारलं तर असतं!
(मेहकर येथे बचत गटांच्या मेळाव्यात एका ताईंनी केलेलं भाषण)



गेल्या संक्रांतीला आमच्या गटाचं हळदीकुंकू होतं. मी कुंकू लावत लावत एका ताईजवळ आले अन् तिला टाळून पुढं गेले. तिचा नवरा वारलेला. गटाचं रजिस्टर तीच लिहिते, एका रुपयाची चूक नाही. ती काही बोलली नाही. उठून वाणाची ताटं उचलू लागली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. एक मावशी म्हणाल्या, "ज्याचं त्याचं मत असते. आपल्याले काय करायचं?"

मी विचारलं, हप्ता उशिरा भरला तर अध्यक्षाला एक दंड अन् सदस्याला दुसरा, असं चालेल का? सोयाबीन मोजताना माणूस पाहून काटा बदलला तर आपण 'ज्याचं त्याचं मत' म्हणू का? मग बायको वारलेल्या माणसाला कोणी मंगलकार्यात मागं बसवतं का?

हा सवाल नवा नाही. आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी तो विचारला होता. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढं ती कमी झाली. पण त्यावरून सगळ्या बायकांनाच नावं ठेवणं सुरू झालं. ताराबाईंनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक छापलं. पुरुषानं दुसरं लग्न केलं तर चालतं, मग विधवेलाच बंदी का, असं त्यांनी रोखठोक विचारलं. लोक चिडले. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

त्या काळी गावोगाव सगळ्यांचं मत विधवेच्या विरोधातच होतं. म्हणून ते बरोबर ठरतं का? नाही ना! मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. अन्याय आधीही होताच, फक्त गावानं तो मान्य करायला इतकी वर्षं लागली.

मी त्या ताईची माफी मागितली. ती म्हणाली, "माले कुंकू लावायचंच नाई बाई. पण इचारलं तर असतं!"

मैत्रिणींनो, माझ्या मते फरक इथंच आहे. स्वतःच्या कपाळावर काय लावायचं, हे तिचं तिनं ठरवावं. पण दुसरीला कमी लेखायचं की नाही, ही आपल्या मर्जीची गोष्ट नाही.

येत्या संक्रांतीला आपापल्या गटात प्रत्येकीला आधी विचारा. जय जिजाऊ!